तो सॉरी म्हणायचा नाही, गाणं पाठवायचा

सड्यावरची
११ जून, रात्री ११:५२

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहूनच टाकते. लाईट गेलीय, मोबाईल ३८ टक्क्यांवर, त्यामुळे शुद्धलेखन वगैरे बघू नका.

मे महिन्यात लांज्याकडे मावसबहिणीची हळद होती. खळ्यात मांडव, डीजे, नेहमीचं सगळं. रात्री दहाच्या सुमारास डीजेवाल्याने 'डर'मधलं ते तू हाँ कर या ना कर वालं गाणं लावलं आणि सहा-सात वर्षांची पोरं हात वर करून नाचायला लागली, मामा नाचले, काकू नाचली. कॉलेजच्या गॅदरिंगला मी पण याच गाण्यावर नाचलेय, खोटं कशाला बोलू. पण या वेळी पहिल्यांदा शब्द कानात शिरले. तू हो म्हण नाहीतर नाही म्हण, तू माझीच. हातपाय गार पडले माझे. मागच्या पडवीत जाऊन बसले, मावशीला वाटलं चक्कर आली, तिने कोकम सरबत आणून दिलं आणि म्हणाली उपाशी नाचत जाऊ नको.

तर मुद्दा. मी चार वर्षं एका नात्यात होते. मारलं का असं सगळे पहिलं विचारतात म्हणून आधीच सांगते, नाही मारलं. फोन बिझी का लागला, स्टेटस कोणी कोणी बघितलं, चुलत भावाचा मित्र फोटोत शेजारी का उभा, हे असलं. आधी आरडाओरडा, मग तीन-तीन दिवस अबोला, आणि मग रात्री दोन वाजता एक लिंक. गाण्याची. सोबत एक शब्द नाही. सॉरी तर चार वर्षांत एकदाही नाही. आईला कळू नये म्हणून मी पांघरुणात इअरफोन घालून ते गाणं ऐकायचे, रडायचे, आणि हार्ट पाठवायचे. मग तो म्हणायचा, बघ तुला न सांगता कळतं. आणि मला वाटायचं, अरे हो की, किती खोल आहे आमचं.

त्या गाण्यांची मी प्लेलिस्ट केली होती. ६३ गाणी. ब्रेकअपनंतर (दीड वर्ष झालं) एकदा डिलीट करायला उघडली आणि क्रमाने बघत गेले तर लक्षात आलं की प्रत्येक गाणं म्हणजे एक भांडण आहे. पहिलं गणपतीतलं, तो फोटोचा विषय. सतरावं मी त्याला न सांगता मैत्रिणीबरोबर गणपतीपुळ्याला गेले तेव्हाचं. मी इतके दिवस जिला आमची लव्हस्टोरी समजत होते ती भांडणांची वही होती, तारखेनुसार.

अजून एक सांगते आणि थांबते. तो ठाण्याला नोकरीला होता, मी कधीतरी कोकणकन्येने जायचे. रत्नागिरी सोडलं की थोड्या वेळात करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. आत शिरलं की नेटवर्क गायब. ती पाच-सहा मिनिटं मला इतकं हलकं वाटायचं ना. कानात गाणं, बाहेर काळोख, आणि फोन लागणारच नाही. पलीकडे उक्षीला बाहेर आलं की मिस्ड कॉल्स धडाधड. बोगद्यात रेंज जाते हे त्याला कधीच पटलं नाही.

प्रश्न दोन आहेत. एक, असं तुमचं झालंय का की गाण्यामुळे तुम्ही थांबून राहिलात? दोन, ती गाणी परत कशी मिळवायची? त्यातली बरीच तो भेटायच्या आधीपासून माझी होती हो.

ज्ञान नको, अनुभव सांगा.


नारळीपाक
१२ जून, सकाळी ७:१०

अगदी अगदी. बोगद्याचं वाचून काटा आला. माझं एकच गाणं होतं, ते हातखंब्याच्या एका हॉटेलात वाजत होतं आणि आम्ही समोरासमोर बसून मिसळ गार करत होतो. आता सात वर्षं झाली, मुलगा दोन वर्षांचा आहे, तरी ते लागलं की मी रेडिओ बंद करते. नवरा विचारत नाही, आवाज कमी करतो फक्त. बरा आहे माझा नवरा.


टेपरेकॉर्डर
१२ जून, सकाळी ९:३५

धागा वाचला. माझ्या वयाच्या माणसाला ही लिंकची भानगड नवी, आम्ही कॅसेट भरून द्यायचो. साठ मिनिटांची कॅसेट, चिपळूणला एका दुकानात यादी द्यायची, चार दिवसांनी न्यायला जायचं. म्हणजे राग निवायला चार दिवस मिळायचे, हाही एक फायदाच :)

पण तुमचा पहिला प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. मेहदी हसन यांची 'रंजिश ही सही' घ्या. अहमद फ़राज़ यांची गझल. अर्थ काय, तर रुसलेली का असेनास, माझं मन दुखवायला का होईना, ये. पुन्हा सोडून जायचं असेल तर त्यासाठी तरी ये. आता हेच वाक्य तुमच्या मैत्रिणीने फोनवर म्हटलं असतं तर तुम्ही तिला म्हणाला असतात, बाई गं, डोकं ठिकाणावर आहे का? पण ते यमनमध्ये येतं. यमन म्हणजे संध्याकाळी दिवा लावल्यासारखा राग, गाणं शिकणारी पोरं बहुतेक त्यापासूनच सुरू करतात. इतक्या प्रसन्न सुरात इतका अपमान ऐकला की तो अपमान वाटतच नाही, त्याला एक इभ्रत येते. मी स्वतः १९८० च्या दशकात दोन वर्षं त्या इभ्रतीवर काढली आहेत. पुढचं विचारू नका, घरी हा धागा वाचतात.

गाण्याचा दोष नाही हेही सांगतो. फ़राज़ यांनी शेर लिहिला, कुणाचं स्टेटस तपासायला सांगितलं नव्हतं.


कॉलेजकट्टा
१२ जून, दुपारी १२:०४

ताई खूप भारी लिहिलंय. विषयच टॉक्सिक आहे तर एक ट्रिविया टाकतो. ब्रिटनी स्पीअर्सचं 'टॉक्सिक' आहे ना, त्याला २००५ साली ग्रॅमी मिळालं होतं, त्याच्यात ते व्हायोलिन एकदम किंचाळत वर जातात, ते आपले आहेत! 'एक दूजे के लिए' (१९८१) मधलं लता-एसपींचं 'तेरे मेरे बीच में', लक्ष्मीकांत-प्यारेलाल, त्यातला तुकडा उचललाय. आणि त्या पिक्चरची स्टोरी गोव्यात घडते, शेवटी दोघं मरतात. म्हणजे विष आहे माहितेय तरी प्यायचंय असं सांगणाऱ्या गाण्याचा गळा आपल्या किनाऱ्यावरून गेलेला आहे. मला हे कळलं तेव्हा मी होस्टेलवर सगळ्यांना उठवून ऐकवलं होतं.


टेपरेकॉर्डर
१२ जून, दुपारी १२:४०

@कॉलेजकट्टा, वा. त्या तुकड्याने इतकी वर्षं कान खाल्ला होता, कुठे ऐकलंय ते आठवत नव्हतं.


खाडीपलीकडे
१२ जून, दुपारी ३:१५

धागाकर्तीबद्दल सहानुभूती आहे पण हल्ली सगळंच टॉक्सिक म्हणायची फॅशन आलीय हे स्पष्ट बोलतो. गाणं गाणं असतं. उद्या म्हणाल गवळणीत कृष्ण गौळणींची वाट अडवतो, मडकी फोडतो, पदर ओढतो, ते पण टॉक्सिक. मग काय आमच्या जाखड्यांचे नाच बंद करायचे? नमनाचे खेळ बंद करायचे? पोरं नाचली तर नाचू द्या की. ज्याला बिघडायचंय तो भजन ऐकून पण बिघडतो.


पाटाची_वाट
१२ जून, दुपारी ४:०२

@खाडीपलीकडे, बंद करा असं कोणी म्हटलंय का वर? शोधून दाखवा.

आणि गवळण काढलीतच तर नीट काढा. गवळणीत मावशी असते. कृष्णाने वाट अडवली की मावशी पेंद्याची जी काढते ती तुम्ही ऐकली असेलच, अख्खं मैदान मावशीसाठी बसलेलं असतं. राधा पण गप्प नसते, यशोदेकडे गाऱ्हाणं नेते, टोमणे मारते. तिथे बाईला तोंड आहे. 'डर'च्या त्या गाण्यात नायिकेला, किरणला ओळच नाही, गातोय कोण हेसुद्धा तिला माहीत नाही. फरक तो आहे. देव आणि माणूस हा फरक बाजूलाच ठेवा.

जाखडीचं म्हणाल तर शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष रात्रभर एकमेकांना सवाल टाकतात, उत्तर आलं नाही तर हार. उत्तर द्यायची सोय आहे म्हणून ती मजा आहे.


खाडीपलीकडे
१२ जून, दुपारी ४:२०

म्हणजे बाईने शिव्या दिल्या की गाणं शुद्ध? भारीच.


पाटाची_वाट
१२ जून, दुपारी ४:२३

हो. निदान माझ्यापुरतं हो.


संपादक
१२ जून, सायं. ५:००

विषयाला धरून बोला. देवादिकांवरून वाद नको, वैयक्तिक टिप्पणी करणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत.


मेंदूचा_हमाल
१२ जून, रात्री ९:४८

ज्ञान नको म्हणालात तरी थोडं देतो, कारण तुमच्या रात्री दोनच्या लिंकमागे एक यंत्रणा आहे आणि ती कळली तर स्वतःला मूर्ख म्हणणं कमी होतं. मला झालं होतं.

स्किनर आणि फर्स्टर या मानसशास्त्रज्ञांचं १९५७ चं काम आहे, बरंचसं कबुतरांवर. दर वेळी चोच मारली की दाणा मिळत असेल आणि मग दाणा बंद झाला तर कबूतर लवकर नाद सोडतं. पण दाणा कधी येईल याचा नेम नसेल तर ते मारतच राहतं, मारतच राहतं. जत्रेतला जुगार यावरच चालतो. डटन आणि पेंटर या दोघांनी १९८१ मध्ये मांडलं की ज्या नात्यात एकाच्या हातात सगळी सत्ता असते आणि छळ व माया आलटून पालटून येते तिथे बांधलं जाणं जास्त घट्ट होतं, सैल नाही. बाहेरून बघणाऱ्याला हे उलटं वाटतं म्हणून तो विचारतो, मग सोडलं का नाहीस?

आता यात गाणं घाला. २०११ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात लोकांना त्यांच्याच आवडीचं संगीत ऐकवून मेंदू तपासला तर अंगावर काटा येतो त्या क्षणी डोपामिन सुटतं हे दिसलंच, पण त्याच्या जरा आधी, आता येणार आता येणार या वाट बघण्यातही सुटतं, मेंदूच्या वेगळ्या भागात. म्हणजे तीन दिवस अबोला ही वाट बघणं, मग लिंक, मग गाण्यातली त्याची स्वतःची वाट बघायला लावणारी सुरावट आणि मग तो वरचा सूर. दाण्यावर दाणा. तुम्ही रडून हलक्या व्हायच्या ते काही त्याच्या प्रेमाने नाही, निदान सगळं त्याच्या प्रेमाने नाही. अर्धं काम संगीतकाराचं होतं आणि श्रेय हा घेत होता.


सड्यावरची
१२ जून, रात्री १०:३०

@मेंदूचा_हमाल, शेवटचं वाक्य वाचून मी आधी मोठ्याने हसले आणि मग जरा वेळ फोन बाजूला ठेवला. श्रेय हा घेत होता. चार वर्षं आर. डी. आणि मदनमोहनच्या जिवावर. आयुष्यात एक ओळ स्वतःच्या मनाने लिहिली नाही त्याने.

@पाटाची_वाट, थँक्यू गं. मला उत्तर द्यायची सोय म्हणजे ते हार्ट होतं फक्त.


बुवा_पखवाजवाले
१३ जून, सकाळी ६:२०

बाये, तुझा सगळा वाचलंय. मी मालवणीतच लिवतंय, माका तसाच बरा पडता.

मी डबलबारीक, म्हंजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याक, पखवाज वाजवतंय, तीस वर्सा झाली. वरचे साहेब कबुतराचा सांगतत ता बरोबर असात. मी माझ्या भाषेत सांगतंय. गाण्यात ध्रुवपद असता. अंतरो कितीय लांब जांव दे, बुवा कितीय ताना घेंव दे, फिरान ध्रुवपदारच येवचा लागता, समेर. आनि समेर इला की समोरचो माणूस मान हलयता, तेका बरा वाटता. तो मान कित्या हलयता? घराक इल्यासारख्या वाटता म्हणान. तुमचा ता भांडाण म्हंजे अंतरो होतो आनि तेची लिंक म्हंजे ध्रुवपद. तू दर वेळेक मान हलयलंस. तुझो दोष नाय, कान तसोच घडलेलो असता.

आनि एक. आमच्याकडे रापण लावतत ता तू बघलेला आसतला. होडयेन लांब जावन जाळा सोडतत, मोठ्ठो अर्धो गोल. मासो आत असता पण तेका काय कळत नाय, तेका सगळो समुद्रच वाटता. मोकळो फिरता. दोनी बाजून माणसा वडूक लागतत तरी पयलो अर्धो तास तेका पत्तो नसता. रेती लागली पोटाक की मगे उड्यो मारता. तू रेती लागायच्या आधी भायर पडलंस. ह्या काय कमी नाय.

गाणी परत मिळतली. कशी ता सांगतंय फुडे, आता पाणी तापला, आंघोळ करून येतंय.


नारळीपाक
१३ जून, सकाळी ८:००

बुवा आंघोळ झाली का?? आम्ही थांबलोय :D


मांडवीकाठी
१३ जून, सकाळी ११:१५

फोंड्याहून लिहितेय. गोव्याची बाजू आलीच नाही म्हणून.

आमच्याकडे मांडो असतो. एकोणिसाव्या शतकातला, ख्रिश्चन घरांतला, संथ, व्हायोलिन आणि घुमट (मातीचं तालवाद्य), विषय बहुतेक विरह आणि ओढ. आपल्याकडे गंमत अशी की मांडो एकटा सोडत नाहीत. मांडो झाला की लगेच दुलपद लागतं, चढ्या लयीचं, गावातल्या गमतीजमतींचं. आधी रडवायचं आणि त्याच बैठकीत उठवून नाचवायचं. मला वाटतं जुन्या लोकांना माहीत होतं की माणसाला मांडोवर सोडून घरी पाठवू नये.

आणि लॉर्नाबद्दल. कोंकणी गाण्यांचा आवाज म्हणजे लॉर्ना, साठ-सत्तरच्या दशकात ख्रिस पेरींच्या चालींवर गायली. 'नाचूंया कुंपासार' हा २०१४ चा बार्ड्रॉय बार्रेटो यांचा कोंकणी चित्रपट या दोघांच्या आयुष्यावरून सुचलेला मानतात. पडद्यावर नावं वेगळी आहेत, लॉरी आणि डोना. तो वयाने मोठा, लग्न झालेला संगीतकार, ती नवी गायिका, आणि त्यांचं नातं चढतं नि घसरतं ते सगळं त्या जुन्या गाण्यांमधूनच सांगितलंय. मी थिएटरात बसले होते आणि आजूबाजूची माणसं प्रत्येक गाण्यावर टाळ्या वाजवत होती कारण ती गाणी त्यांच्या लग्नात वाजलेली. 'बेबदो' घ्या, बेबदो म्हणजे दारुडा, त्यावर आम्ही लहानपणापासून फेर धरून नाचलोय. आणि समोर पडद्यावर एक बाई संपत चाललेली. टाळ्या वाजवू की नको मला कळेना. शेवटी वाजवल्या. चाल तशीच आहे हो, हात थांबत नाही.

खऱ्या लॉर्ना बरीच वर्षं गाण्यापासून लांब होत्या आणि १९९५ मध्ये परत गायल्या. तीच गाणी. त्यावर मी खूप विचार केलाय, की तीच गाणी कशी गावीशी वाटली असतील. मला वाटतं ती त्यांचीच होती, गळा त्यांचा होता, लिहिणाऱ्याची कितीही असोत.


सड्यावरची
१३ जून, दुपारी १:४०

@मांडवीकाठी, दुलपदाचं मस्त सांगितलंत. माझ्या प्लेलिस्टमध्ये ६३ च्या ६३ मांडो होते. एक दुलपद नाही.


अहो_ऐका
१३ जून, दुपारी २:२२

इंग्रजीत पण आहेच हे. द पोलिस बँडचं १९८३ चं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' लोक लग्नात लावतात आणि स्वतः स्टिंगनेच सांगितलंय की बाबांनो ते पाळत ठेवणाऱ्या माणसाचं गाणं आहे. त्याच्याही आधी १९६२ मध्ये क्रिस्टल्स नावाच्या मुलींच्या ग्रुपचं एक गाणं आलं, त्याने मला मारलं आणि ते चुंबनासारखं वाटलं अशा अर्थाचं. कॅरोल किंग आणि जेरी गॉफिनने लिहिलेलं. त्यांच्या बाळाला सांभाळणाऱ्या मुलीला तिचा मित्र मारायचा आणि ती म्हणायची की त्याचं प्रेम आहे म्हणूनच मारतो, त्यावरून सुचलं. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून रेडिओवरून काढलं गेलं. मी ते ऐकलंय, सगळ्यात भीतीदायक म्हणजे चाल गोड आहे.

बाकी कोणी या धाग्यावर आत्ता त्या अवस्थेत वाचत असेल तर १८१ हा महिलांसाठीचा हेल्पलाईन नंबर आहे, तातडीचं असेल तर ११२. मारलं नाही म्हणजे काही झालंच नाही असं नसतं, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मानसिक आणि शाब्दिक छळ पण धरलाय, आणि लग्न झालेलं नसलं तरी नवराबायकोसारखे एका घरात राहत असाल तर तो लागू होतो.


शेवग्याच्या_शेंगा
१३ जून, सायं. ६:५०

मी कुडाळची, निवृत्त शिक्षिका. सड्यावरची, तुला अगं म्हटलं तर चालेल ना. त्या ६३ गाण्यांत मराठी किती होती गं? कुतूहल म्हणून विचारते.


सड्यावरची
१३ जून, सायं. ७:१५

चालेल काय, म्हणाच. नऊ होती. त्यातलं सगळ्यात जास्त लागलेलं म्हणजे 'नाही कशी म्हणू तुला'. एकदा मी भेटायला येणार नाही म्हटलं होतं, घरी श्राद्ध होतं, त्यावरून दोन दिवस तमाशा, आणि मग हे. मला ते आजीमुळे आवडायचं, आजी रेडिओवर लागलं की विळी बाजूला ठेवून ऐकायची. आता नकोच वाटतं. नाही म्हणायचंच नाही असं वाटायला लागतं ऐकून.


शेवग्याच्या_शेंगा
१३ जून, रात्री ८:३३

वाटलंच मला.

अगं ते आरती प्रभूंचं. आरती प्रभू म्हणजे आमचे चिं. त्र्यं. खानोलकर, वेंगुर्ल्याजवळ बागलांच्या राईतला जन्म, १९३०. इथे कुडाळला खानावळ चालवायचे. १९७६ ला गेले, सेहेचाळिशीत, आणि साहित्य अकादमी मिळालं ते गेल्यावर, १९७८ ला, 'नक्षत्रांचे देणे'ला. या मातीतला माणूस म्हणून मला जरा जास्तच माया आहे, तेव्हा बोलते.

त्याने तुला ते नाही म्हणू नको या अर्थाने पाठवलं. आता तू पूर्ण कडवं आठव. नाही कशी म्हणू, म्हणते रे गीत, आणि लगेच पुढची ओळ कशाने सुरू होते? 'परि'ने. परि रीत आड येते म्हणते ती. पुढे येते म्हणते, जरा थांब म्हणते, आणि परत परि, लांब जायचं नाही हं. बाई सारखी आपली अट घालतेय, हलक्या आवाजात का होईना. हे हो म्हणणाऱ्या बाईचं गाणं नाही आणि नाही म्हणणाऱ्या बाईचंही नाही, आपल्या मर्जीने, आपल्या चालीने येणाऱ्या बाईचं आहे. मी दहावीच्या मुलींना वर्गात म्हणून दाखवायचे, अभ्यासक्रमात नसताना, आणि विचारायचे की यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द कुठला. बहुतेक जणी नाही म्हणायच्या. एखादीच परि म्हणायची.

त्याने तुला पहिली अर्धी ओळ पाठवली गं.


पाटाची_वाट
१३ जून, रात्री ८:४१

बाई 🙏


टेपरेकॉर्डर
१३ जून, रात्री ९:०५

इतकी वर्षं हे गाणं ऐकतोय, आशाबाईंचा तो 'परि' किती हळू येतो ते आत्ता परत लावून ऐकलं. मी पण पहिल्या अर्ध्या ओळीतलाच निघालो.


खाडीपलीकडे
१३ जून, रात्री ९:३०

शेंगाबाईंचं पटलं. वरच्या माझ्या प्रतिसादाचा सूर जरा चढा होता, पण जाखडी बंद करू देणार नाही हे कायम.


पाटाची_वाट
१३ जून, रात्री ९:३४

कोणी करत नाहीये हो!! :)

गाणी परत कशी मिळवायची याबद्दल माझं थोडं. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. शब्द मला आठवत नाहीत, पण नवऱ्याने काय केलं, सासूने काय केलं, सगळं त्यात यायचं आणि समोर दुसरी बाई दुसऱ्या बाजूने खुंटा धरून बसलेली असायची. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा लाखभर ओव्या जमवल्यात, आता त्या इंटरनेटवर ऐकायला मिळतात. मी काही काही ऐकते. दुःख तेच गं, याच्यापेक्षा जास्तच. पण ते दोघी-दोघी गायचं दुःख आहे, आणि ज्याच्याबद्दल आहे तो बाहेर झोपलेला. तू उलटं करत होतीस, पांघरुणात एकटी, आणि ज्याने दुखवलं त्यानेच पाठवलेलं.


सड्यावरची
१३ जून, रात्री ११:२०

खूप वेळ काही लिहिता येत नव्हतं.

शेंगाबाई, मी ते आत्ता लावलं. इअरफोन नाही, फोनवर मोठ्याने, आईच्या खोलीत. आईने विचारलं आज कसं काय हे, आजीची आठवण आली का. मी हो म्हटलं. मग आई 'परि'च्या जागेवर बरोबर गुणगुणली, तिला पाठ आहे सगळं, मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या अंतऱ्याला पाऊस इतका आला पत्र्यावर की काही ऐकू येईना, तरी आम्ही लावून ठेवलं.

प्लेलिस्ट अजून आहे. डिलीट केली नाही. बघते. बाकीच्या ६२ चं काही सांगू शकत नाही, काही तर मुळात रद्दीच होती, आत्ता कळतंय.


बुवा_पखवाजवाले
१४ जून, सकाळी ६:०५

काल माझी आंघोळ जरा लांबली, माफी असा. होडी वर काढूची होती, पावसाची मासेमारी बंदी लागली तरी आमची खाली किनाऱ्यारच होती आनि उधाण इला.

मी सांगणार होतंय ता पाटाच्या वाटेन सांगल्यान. गाणा एकट्यान ऐकाचा नाय, निदान थोडे दिवस. आषाढी एकादशीक आमच्या देवळात भजन असा, रातभर. सिनेमाच्या चालीर पण म्हणतत, तुझ्या त्या यादीतली एखादी चाल येतली पण, शब्द इठ्ठलाचे असतले. तेवा कसा वाटता बघ. संपादकांका विचारून पत्तो देतंय. आवशीक घेवन ये.


सड्यावरची
१४ जून, सकाळी ७:४८

बुवा, येते. रस्ता धड असला तर. आईला गुडघ्याचा त्रास आहे, बसायला खुर्ची मिळेल का देवळात?


बुवा_पखवाजवाले
१४ जून, सकाळी ७:५५

दोन ठेवतंय.